‘लहान’ कुणाला म्हणायचं? सतरा सप्टेंबरच्या लेखनाबद्दल थोडं

माझा पीएचडीचा विषय एका वाक्यात असा: एकेकाळी दुसऱ्याच्या ताब्यात राहिलेले छोटे देश शेजारच्या बलाढ्य देशाबद्दल काय आठवतात, आणि त्या आठवणीतून काय गाळतात. एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया ही त्यातली नेहमीची उदाहरणं. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: उमरग्यात बसून लिथुआनियाचं काय करणार? खरं सांगायचं तर हा विषय समजून घ्यायला उमरग्याइतकी सोयीची जागा मला दुसरी सापडलेली नाही. गावातून जाणारा सोलापूर–हैदराबाद रस्ता म्हणजेच १३ सप्टेंबर १९४८ रोजी नळदुर्गमार्गे संस्थानात शिरलेल्या भारतीय फौजेची मुख्य वाट. १४ तारखेला हीच फौज उमरग्याहून पुढं राजेश्वरकडं सरकली. तेव्हा ‘शेजारचा मोठा देश’ आमच्या दारावरूनच गेला होता. फक्त तो कुणासाठी मुक्तिदाता होता, कुणासाठी आक्रमक आणि कुणासाठी काळ, हे कुणाला विचारता त्यावर आहे.

आजची पोस्ट थोडी टीकेची आहे. दरवर्षी सप्टेंबरात आपल्याकडं जे लेखन होतं त्याबद्दल मला बोलायचं आहे: पुरवण्या, भाषणं, शाळेतले निबंध, आता व्हॉट्सॲपवरचे लेख. पण आधी एक मोजपट्टी घेऊ.

मिलान कुंदेरा या चेक कादंबरीकारानं मध्य युरोपाच्या शोकांतिकेवर एक गाजलेला निबंध लिहिला. १९८३ मध्ये तो फ्रेंचमध्ये आला आणि पुढच्या वर्षी इंग्रजीत. त्यातली एक कल्पना आमच्या क्षेत्रात सगळेच वापरतात. कुंदेराच्या मते लहान राष्ट्र नकाशावरच्या आकारानं ठरत नाही. ज्याचं अस्तित्व केव्हाही पुसलं जाऊ शकतं आणि ज्याला हे स्वतःला पक्कं माहीत असतं, ते लहान. मोठ्या राष्ट्राला आपण नसू अशी शंकाच कधी येत नाही. व्याख्या सुंदर आहे, पण तिच्यात एक भोक आहे. ती राष्ट्र एकसंध आहे असं धरून चालते. त्या लहान राष्ट्राच्या आत आणखी कुणी लहान असेल तर त्याचं काय, हे ती विचारत नाही. हैदराबादला ही पट्टी लावून बघा, भोक लगेच दिसतं.

पहिला दावेदार खुद्द निजामाचं संस्थान. पंतप्रधान मीर लायक अली यांचं ‘ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद’ हे आत्मकथन १९६२ मध्ये कराचीत प्रसिद्ध झालं. त्यातला सूर नेमका लहान राष्ट्राचा आहे. मोठ्या शेजाऱ्यानं आर्थिक नाकेबंदी केली, जैसे थे करार मोडला, वाटाघाटींचं सोंग केलं, शेवटी फौज घातली. संस्थानानं २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडं तक्रार नेली. पॅरिसला ती चर्चेला आली १६ सप्टेंबरला, म्हणजे शरणागतीच्या आदल्या दिवशी. छोट्या देशाची फिर्याद आणि उशिरा भरलेलं कोर्ट, असं हे चित्र आहे, आणि बाहेरच्या वाचकाला ते भिडतंही.

पण हा ‘छोटा देश’ म्हणजे ब्याऐंशी हजार चौरस मैल, जवळजवळ ग्रेट ब्रिटनच्या बेटाएवढा, दीड कोटीहून जास्त वस्तीचा. या वस्तीला आपलं सरकार निवडायचा अधिकार नव्हता. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस नीट स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी माणसं मिळून बहुसंख्य होती, पण राज्यकारभार उर्दूत आणि उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षणही उर्दूतून. लायक अलींच्या पुस्तकात दरबार आहे, दिल्ली आहे, कराची आहे. गुंजोटी नाही. आपल्याच उमरगा तालुक्यातल्या या गावात १९३८ साली आर्य समाजाचा तरुण कार्यकर्ता वेदप्रकाश मारला गेला. हैदराबादच्या लढ्यातला पहिला हुतात्मा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. जो देश स्वतःला लहान म्हणवून दाद मागतो, त्यानं आपल्या आतल्या लहानांना काय वागवलं, हा प्रश्न त्या पुस्तकाला पडत नाही. पुस्तकातली प्रत्येक तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. नाकेबंदी झाली होतीच. पण ती ज्याच्या नावानं केली आहे, ती प्रजा पुस्तकाबाहेर राहते.

दुसरा दावेदार म्हणजे आपण, मराठवाडा. आणि इथं आपली बाजू भक्कम आहे. या मुलखाला विचारून काही ठरवायची पद्धतच नव्हती. १८५३ च्या तहानं वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिव–नळदुर्गचा भाग निजामानं कंपनीकडं लावून दिला. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी, ‘ठगाची जबानी’ची कादंबरी लिहिणारा, नळदुर्गात बसून इथला कारभार बघत होता. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांशी इमानी राहिला म्हणून १८६० मध्ये हाच भाग त्याला परत मिळाला. गहाण टाकलेलं भांडं सोडवून आणावं तसं. पुढं हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, तिथं शिकवायला आलेले स्वामी रामानंद तीर्थ, आर्य समाजाचा सत्याग्रह, सरहद्दीवरचे कॅम्प, आणि १९४८ मधला रझाकारांचा धुमाकूळ. त्या वर्षी मे महिन्यात बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात जे हत्याकांड झालं, ते इथून फार लांब नाही. स्वामीजींच्या इंग्रजी आठवणी आणि अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ ही पुस्तकं या लढ्याची खरी कमाई आहेत. लढणाऱ्यांनीच ती लिहिलीत.

माझी तक्रार या पुस्तकांबद्दल नाही. ती पुस्तकं न वाचता त्यांच्या जोरावर जे वार्षिक लेखन चालतं त्याबद्दल आहे. त्यात तीन खोडी आहेत.

पहिली खोड म्हणजे शब्दाची. आपण लिहितो ‘मुक्तिसंग्राम’. पण गावातली जुनी माणसं ‘पोलिस ॲक्शन’ म्हणतात, आणि त्याआधीच्या काळाला ‘रझाकारी’. ‘पोलिस ॲक्शन’ हा सरकारी शब्द. रणगाडे आणि विमानं घेऊन गेलेल्या मोहिमेला पोलिसी कारवाई म्हटलं, कारण युद्ध म्हटलं असतं तर समोरचा देश परका आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं. राज्यं असे शब्द विचारपूर्वक निवडतात. १९४० मध्ये सोव्हिएत संघानं तीन बाल्टिक देश गिळले तेव्हा कागदोपत्री त्या देशांच्या संसदांनीच ‘सामील करून घ्या’ अशी विनंती केली होती. दोन्ही घटना सारख्या नाहीत. बाल्टिक देशांचा सौदा हिटलर आणि स्टालिननं गुप्त करारात केला होता, तर मराठवाड्यातल्या बहुसंख्य लोकांना भारतात यायचंच होतं. फरक मोठा आहे. पण लोकांना हवं होतं म्हणून सरकारच्या शब्दाची छाननी करायची नाही, असं होत नाही. आज त्याच तारखेला सरहद्दीच्या पलीकडं कर्नाटकात ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ असतो. तेलंगणात २०२२ मध्ये ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ झाला, त्याच वर्षी केंद्रानं ‘हैदराबाद मुक्ती दिन’ केला, आणि २०२४ मध्ये राज्याचं नाव पुन्हा बदलून ‘प्रजा पालन’ आलं. एकाच संस्थानाचे तीन तुकडे, आणि दिवसाला इतकी नावं. आपल्या लेखांत याचा पत्ताही नसतो.

दुसरी खोड म्हणजे पात्रांची. लेखात दोनच पात्रं: जुलमी मुसलमान रझाकार आणि सोसणारा हिंदू. कासिम रझवी हा आकाशातून पडल्यासारखा येतो. प्रत्यक्षात तो लातूरला वकिली करायचा, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. आपला छळवादी आपल्याच जिल्ह्याच्या कोर्टात उभा राहत होता. दुसरीकडं ‘इमरोज’चा संपादक शोएबउल्ला खान. त्यानं रझाकारांविरुद्ध लिहिलं, भारतात सामील व्हा म्हटलं, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याला मारलं. तो एका वाक्यात उरकला जातो, बहुतेक वेळा तेवढाही नाही. तो नीट आला तर दोन पात्रांचं नाटक चालत नाही, हे त्याचं कारण.

तिसरी खोड सगळ्यांत जड. गोष्ट १७ सप्टेंबरला संपते. निजाम शरण आला, तिरंगा चढला, टाळ्या. १८ तारखेपासून पुढं काय झालं?

पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना सरकारनं सदिच्छा मंडळ म्हणून संस्थानात पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते सोळापैकी नऊ जिल्हे फिरले. न गेलेल्या १०९ गावांमधल्या पाचशेवर लोकांशीही बोलले. त्यांचा अंदाज असा की पोलिस ॲक्शनच्या काळात आणि नंतर मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली, बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ लागलेले चार जिल्हे त्यांनी नावानिशी दिले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. आपला जिल्हा त्यात आहे. अहवालात रझाकारांचे अत्याचार स्वच्छ नोंदवले आहेत. सैन्यानं अनेक ठिकाणी मुसलमानांना वाचवल्याचं आहे, आणि काही ठिकाणी सैनिकांनीच मारल्याचा आरोपही आहे. सरकारनं तो छापला नाही. सामान्य वाचकाच्या हाती तो लागेपर्यंत २०१३ उजाडलं.

या अहवालावरही टीका करता येते. तीन-साडेतीन आठवड्यांचा दौरा, ऐकीव साक्षी, आणि सत्तावीस ते चाळीस एवढी रुंद फट. हा आकडा अंदाज म्हणूनच वापरायला हवा. पण आकड्यावर वाद घालायचा असेल तर आधी घटना मान्य करावी लागते. आपलं वार्षिक लेखन आकड्यावर वाद घालत नाही, ते विषयच काढत नाही.

इथं मला लिथुआनिया आठवतो. विल्नियसमध्ये जुन्या केजीबीच्या इमारतीत १९९२ पासून एक संग्रहालय आहे. नाव होतं ‘नरसंहारातील बळींचं संग्रहालय’. सोव्हिएत काळातल्या कोठड्या, हद्दपाऱ्या, जंगलातले बंडखोर, सगळं तिथं होतं आणि ते सगळं खरं. पण त्याच देशातल्या सुमारे दोन लाख ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाझी काळात मारले गेले, त्यात स्थानिक लोकांचे हातही होते, आणि त्याला या ‘नरसंहार’ संग्रहालयात फार थोडी जागा होती. बरीच वर्षं टीका झाली. शेवटी २०१८ मध्ये नाव बदलून ‘ताबा आणि स्वातंत्र्यलढ्यांचं संग्रहालय’ केलं. आपल्यावर अन्याय झाला हे इतकं खरं असतं, की आपल्या हातून किंवा आपल्या अंगणात कुणावर काही झालं हे ऐकूच येत नाही. बळी पडलेल्यांच्या आठवणीत हा बहिरेपणा जगभर सापडतो. लिथुआनियानं निदान पाटी बदलली.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही: ‘मग रझाकार आणि सूड घेणारे सारखेच म्हणायचे का? मुक्तीच चूक होती का?’ नाही. रझाकारी ही राज्याच्या आश्रयानं चाललेली दहशत होती आणि ती संपणं गरजेचं होतं. मुक्ती योग्य होती म्हणूनच तिच्यानंतरच्या दिवसांचा हिशेब आपण द्यायला हवा. ज्याला आपल्या बाजूची खात्री असते, त्याला एक पान जास्त लिहायची भीती वाटू नये. आणि त्या पानावर फक्त लाजेच्या गोष्टी नाहीत. सुंदरलाल अहवालातच आहे की एका धंद्यातली माणसं एकमेकांच्या मदतीला धावली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचवलं आणि त्यात स्वतःचे जीवही गमावले. आपण ते पान फाडलं तेव्हा या विणकरांनाही फाडून टाकलं. त्यांच्या नावानं ना चौक ना शाळा.

म्हणून कुंदेराच्या व्याख्येला मी एक पुरवणी जोडते. स्वतःच्या पुसलं जाण्याची भीती असणं एवढ्यानं राष्ट्र शहाणं होत नाही. त्या भीतीतून शेजाऱ्याची भीती ओळखता आली, तर ती आठवण कामाची. लायक अलींना ती ओळखता आली नाही. आपल्या सप्टेंबरच्या पुरवण्यांनाही अजून येत नाही.

आता यंदा तुम्ही मुक्तिसंग्रामावर काही लिहिणार असाल, शाळेत भाषण करणार असाल, तर एवढंच करून बघा. वेदप्रकाश घ्या, हिप्परगा घ्या, गोरटा घ्या, आणि त्याच लेखात शोएबउल्ला खान आणि ते विणकरही घ्या. तारीख १७ वर थांबवू नका, डिसेंबरपर्यंत न्या. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना ‘रझाकारीत काय झालं’ विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: ‘आणि नंतर?’ उत्तर यायला वेळ लागेल. थांबा.