देव खेळवणाऱ्या कलांचे आज काय?

मंगळवेढा तालुक्यातले हुलजंती हे कर्नाटकच्या सीमेलगतचे गाव. दिवाळीच्या अमावस्येला तिथे महालिंगरायाची यात्रा भरते. बिरोबा गुरू, महालिंगराया शिष्य. त्यांच्या भेटीसाठी सात पालख्या एकत्र येतात, भंडारा-खोबऱ्याची उधळण होते आणि ढोलांच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. त्या रात्री शंकर-पार्वती स्वतः येऊन महालिंगरायाला मुंडासे बांधून जातात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. यात्रेनंतर दोन प्रकारचे लेखन वाचायला मिळते. एकात भाविकांच्या गर्दीचे वर्णन असते, दुसऱ्यात अंधश्रद्धेवर टीका. ढोल कोणी वाजवला, ओवी कोणी गायली, ती किती वेळ चालली, कुठे चढली आणि कुठे उतरली, हे कोणीच लिहीत नाही. शास्त्रीय गायनाच्या मैफलीबद्दल आपण असे कधी लिहिले असते का?

सोलापूर जिल्हा आणि त्याला चिकटलेला तुळजापूरचा मुलूख हा देवाला बोलावण्याच्या कलांचा मुलूख आहे. गोंधळ, जागरण, आराध्यांची गाणी, धनगरी ओवी आणि गजी, भाकणूक: या सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे. नीट बोलावले तर देव येतो, अंगात संचारतो, बोलतो आणि परत जातो. त्या कल्पनेवर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण बोलावण्याची रीत ही कला आहे, आणि आज तिच्यातले नेमके काय टिकले आणि काय सुटले, हे कलेच्या निकषांवर तपासायला हवे.

सुरुवात गोंधळापासून करू. गोंधळ्यांची दोन घराणी: तुळजाभवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई. लग्नानंतर घरात गोंधळ घालायचा, तर आधी चौक भरतात, घट मांडतात, दिवटी पेटवतात. संबळ, तुणतुणे आणि झांज एवढ्याच वाद्यांवर रात्र उभी राहते. आधी गण, मग आवाहन. आवाहनात तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशी नावे घेत घेत गोंधळ्यांचा प्रमुख, म्हणजे नाईक, थेट गावच्या म्हसोबापर्यंत, घरच्या कुळदेवापर्यंत उतरतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सगळा मुलूख उभा राहतो आणि त्याच्या मधोमध आपले घर असते. त्यानंतर आख्यान, आणि पहाटे आरती.

संबळाची लय वाढते तेव्हा घरातली एखादी बाई घुमू लागते. नाईकाचे कसब खरे कळते ते इथे. कच्चा वादक लय आणखी चढवतो, कारण पाहणाऱ्यांना ते आवडते. जाणता नाईक लय धरून ठेवतो, देवीशी अदबीने बोलतो, तिचे म्हणणे ऐकून घेतो, हळदकुंकू लावायला सांगतो आणि वारे हळूहळू उतरू देतो. वर्षभर ज्या बाईला चार माणसांत बोलता आले नाही, ती त्या अर्ध्या तासात सासऱ्यालाही जाब विचारते. त्या बोलण्याला जागा देणे आणि नंतर तिला सुखरूप माणसांत आणणे हा गोंधळाचा सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्याची तालीम कुठल्याही शिबिरात मिळत नाही.

आता मात्र ही रात्रच आखडली आहे. मंगल कार्यालय ठरावीक वेळेला रिकामे करून द्यावे लागते. ध्वनिवर्धकाची सवय लागलेल्या मंडळींना रात्री १० नंतरचे निर्बंध आड येतात. मग सगळ्यांत आधी आख्यान गळते, कारण त्याला वेळ लागतो. त्यानंतर आवाहनातली गावदेवतांची नावे गळतात. उरतात चार जोरकस गाणी, तीही बहुधा चित्रपटांतून ऐकलेल्या चालींवर. आराधी मेळ्यांत याच्या उलट घडले आहे. नवरात्रात सोलापूरच्या रूपाभवानीसमोर, आणि कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या अफाट गर्दीत ही गाणी आजही जोमात आहेत. कॅसेटने आणि पुढे मोबाइलने त्यांना श्रोते मिळवून दिले. मात्र ध्वनिमुद्रणासाठी गाणे पाच-सहा मिनिटांचे झाले आणि उत्स्फूर्तपणे कडवी जोडत नेण्याची ताकद कमी झाली. लोकप्रियता वाढली म्हणजे कला सुदृढ झाली, असे म्हणता येत नाही.

सांगोला-मंगळवेढ्याकडच्या धनगरी परंपरेची स्थिती आणखी वेगळी आहे. गजी नृत्य दिसायला देखणे: पांढरे अंगरखे, फेटे, हातात रंगीत रुमाल, ढोलाच्या तालावर सरकणारे रिंगण. त्यामुळे ते महोत्सवांत पोहोचले. ओवी मात्र पोहोचली नाही. धनगरी ओवीत गाणे आणि सांगणे आलटून पालटून येते: एक तुकडा गायचा, मग तोच प्रसंग गद्यात, बोलीत खुलवायचा. बिरोबाची जन्मकथा अशी रात्ररात्र चालते. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर राहून ही परंपरा ध्वनिमुद्रित केली. धनगरांच्या अशा दोन मौखिक कथा ॲन फेल्डहाऊस यांनी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांच्या साथीने २०१४मध्ये इंग्रजी पुस्तकात आणल्या. आपल्या समीक्षेने मात्र हा वाङ्मयप्रकार अजून नीट हाताळलेला नाही. गजीला टाळ्या आणि ओवीला दुर्लक्ष ही विभागणी घातक आहे, कारण रिंगण ज्या कथेभोवती फिरते ती कथाच ओवीत आहे.

भाकणूक, म्हणजे येत्या वर्षाचे भाकीत, हा या सगळ्या परंपरांतला सर्वांत लहान आणि सर्वांत चिवट प्रकार. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास, सात नंदीध्वज ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात, सिद्धरामेश्वर आणि कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो आणि होमविधीच्या रात्री वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, पानसुपारी ठेवतात. ज्या वस्तूला ते तोंड लावील तिचा भाव हलेल; त्याने मूत्र विसर्जन केले तर पाऊस चांगला; ते बिथरले तर वर्ष अवघड. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीला भाकणूक करणारे फरांडेबाबा पाऊस, पीक, रोगराई आणि राजकारणावर मोजकी, गूढ वाक्ये बोलतात. अवर्षणाच्या प्रदेशात पावसाची काळजी सगळ्यांनी मिळून, उघड्यावर, एका वेळी वाहण्याचा हा विधी आहे. भाकणूक मुळातच एवढी आटोपशीर की तिला आणखी छाटता येत नाही, म्हणून ती टिकली. आता वृत्तवाहिन्या तिच्यातले एकच वाक्य उचलून दिवसभर फिरवतात, आणि ऐकणाऱ्याने स्वतः अर्थ लावण्याची जुनी रीत मागे पडते.

या आढाव्यात एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: लोपणारे सगळेच हळहळण्याजोगे नसते. मरीआईचा पोतराज स्वतःच्या अंगावर आसूड ओढत दारोदार फिरायचा आणि त्याची बायको डोक्यावर देव्हारा घेऊन मागे चालायची. त्या फटक्यांत लय होती, पण तो आसूड दलितांच्या पाठीवरच का, याचे उत्तर जातीत होते. १९५६च्या धर्मांतरानंतर असंख्य कुटुंबांनी हे देव्हारे सोडले, आणि तो निर्णय कलेपेक्षा मोठा होता. मुरळी सोडण्याच्या प्रथेबद्दलही तेच. देवाला मुली वाहण्यावर मुंबई प्रांतात १९३४मध्येच कायद्याने बंदी आली. सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबासमोर दिमडी आणि तुणतुण्यावर जागरण जरूर व्हावे, पण त्यासाठी एखाद्या मुलीचे आयुष्य देवाला वाहिले जाता कामा नये. ज्या समीक्षकाला हा फरक करता येत नाही, त्याचे लोककलाप्रेम अपुरे आहे.

रंगमंचावर या कला बिघडतातच, असेही नाही. शाहीर विठ्ठल उमप यांनी 'जांभूळ आख्यान' रंगमंचावर आणले तेव्हा गोंधळाची लय, आवाहन आणि आख्यान यांचे नाते अभंग ठेवले. द्रौपदीच्या मनातली कर्णाबद्दलची ओढ एका शाहिराच्या देहातून अशी उभी राहायची की संचार आणि अभिनय यांच्यातली रेषा पुसट व्हायची. चित्रपटात राजीव पाटील यांच्या 'जोगवा'ने, राजन गवस यांच्या कादंबऱ्यांचा आधार घेत, देवीला सोडलेल्या माणसांचे दुःख आणि त्यांचे गाणे दोन्ही सांभाळले. याउलट युवा महोत्सवांतल्या पाच मिनिटांच्या सादरीकरणात कलावंत प्रवेश करताच घुमू लागतो. आवाहन न करता संचार, आणि संचारानंतर उतरणे नाही. हा आकृतिबंधातला दोष आहे. परीक्षकांनी त्याचे गुण कापायला हवेत.

साहित्याकडे, विशेषतः देवाच्या संचाराला जवळच्या भुताखेतांच्या कथांकडे, पाहिले तर मला सोलापूरची उणीव जाणवते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी भयकथेला प्रतिष्ठा दिली. धारपांच्या कथेचा धागा घेऊन निघालेला 'तुंबाड' २०१८मध्ये देशभर पाहिला गेला. पण आपल्या कल्पनेतले भूत अजून बहुतेकदा पावसात भिजलेल्या कोकणी वाड्यातच राहते. माणदेशाच्या कडेचा माळ, विहिरीवरच्या सात आसरा, पिंपळावरचा मुंजा, रात्री वाट चुकवणारा चकवा, मोहरमच्या सवाऱ्या, मराठीत सुरू होऊन कानडीत संपणारी देवीची वाणी: या कोरड्या मुलखाच्या भयाला अजून त्याच्या तोलाचा कथाकार हवा आहे.

या कलांना कायद्याची भीती दाखवणारेही भेटतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा फसवणूक, धमकी आणि शारीरिक छळ यांच्या विरोधात आहे. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन आणि पारंपरिक कला त्याने मोकळ्या ठेवल्या आहेत. अंगात आल्याचे सांगून आजारी माणसाला मारहाण करणाऱ्या, पैसे उकळणाऱ्या देवऋषीला तुरुंगात धाडले, तर संबळाचे काहीच नुकसान होत नाही. उलट भोंदू बाजूला झाला की नाईकाचे कसब स्वच्छ दिसू लागेल.

रा. चिं. ढेरे यांनी 'खंडोबा' आणि 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' लिहून या उपासकांना अभ्यासाच्या दारात आणले, त्याला ६० वर्षे उलटून गेली. पुढचे काम सोलापूरच्या विद्यापीठाने हाती घ्यावे. गोंधळ, जागरण आणि बिरोबाची ओवी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, अखंड, न कापता मुद्रित करावी; मराठीबरोबर कानडी जाणणारे अभ्यासक सोबत असावेत; नाईकाला पाहुणा कलावंत म्हणून न बोलावता शिक्षक म्हणून नेमावे आणि त्याला शिक्षकाचे वेतन द्यावे. वर्तमानपत्रांनी यात्रेला वार्ताहराबरोबर कलासमीक्षकही पाठवावा. नाईक, ओवीकार आणि आराधिनी यांच्या पिढीकडून ही विद्या घेण्यासाठी आता फार वर्षे हातात नाहीत. देव येतो का, या वादाचा निकाल लागेपर्यंत हे काम थांबवू नये. त्याला बोलावणारी माणसे आज आपल्यात आहेत, आणि त्यांच्याकडून शिकण्याची जबाबदारी आपलीच आहे.