बीथोवनची पाचवी सिंफनी आणि नवा श्रोता

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा परिचय सामान्य श्रोत्यास करून देताना बहुधा कथेचा आश्रय घेतला जातो. बीथोवनची पाचवी सिंफनी व्हिएन्नात २२ डिसेंबर १८०८ रोजी प्रथम वाजविली गेली. तिच्या आरंभीच्या चार स्वरांत दैव दारावर थाप मारते, असे आजही सांगण्यात येते. हा अर्थ बीथोवनच्या नावावर घातला शिंडलरने. आणि त्याची साक्ष संशोधकांनी अविश्वसनीय ठरविली आहे. परंतु प्रश्न केवळ प्रामाण्याचा नाही. अशा कथेने श्रोता थाप ऐकू लागतो आणि स्वरांस मुकतो.

महाराष्ट्रास याहून चांगला मार्ग परिचित आहे. ‘मानापमाना’स (१९११) गोविंदराव टेंबे यांनी व ‘स्वयंवरा’स (१९१६) भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा प्रेक्षकांस रागाचे व्याकरण कोणी पढविले नव्हते. चाल आधी कानांत बसली. राग मागाहून ओळखीचा झाला.

मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापिला. २००६ पासून तेथे सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. पण अकोले तालुक्यातील राजूरसारख्या गावी ही सिंफनी ध्वनिमुद्रणावरूनच ऐकवावी लागेल. तेथील श्रोत्यास अनभिज्ञ मानणे मात्र चूक होय. भजनात परतून येणारे धृपद ज्याचा कान अचूक टिपतो, त्यास परतून येणारी स्वराकृती ओळखणे अवघड नाही. ‘सी’ हा षड्ज मानल्यास ती अशी: पंचमावर तीन ऱ्हस्व आघात व कोमल गंधारावर ठहराव, मग मध्यमावर तीन व ऋषभावर ठहराव. एवढे दोनदा गाऊन दाखवावे आणि पहिला भाग ऐकवावा.

येथे एका भेदाची कबुली दिली पाहिजे. आपल्या गायनात षड्ज अचल असतो. येथे तो स्थलांतर करतो. पहिल्या भागातील दुसरा विषय येतो तेव्हा मघाचा कोमल गंधारच नवा षड्ज होतो. हे न सांगता ख्यालाच्या बढतीशी साम्य जुळविणे म्हणजे श्रोत्याची दिशाभूल करणे होय.

तिसऱ्या भागाच्या अखेरीस टिंपनी मूळ षड्जावर मंदपणे वाजत राहते आणि खंड न पडता चौथा भाग उघडतो: षड्ज, शुद्ध गंधार, पंचम. ट्राँबोन प्रथमच वाजू लागतात. कोमल गंधार आरंभापासून ज्याच्या कानांत ठसला आहे, त्यास या शुद्ध गंधाराचा विजय सांगावा लागत नाही. पुढे तिसऱ्या भागाची छाया क्षणभर परतते, तीही तो ओळखतो.

परिचयकर्त्याचे कार्य श्रोत्यास अर्थ पुरविणे हे नव्हे. कोठे कान द्यावा एवढे दाखवून त्याने बाजूस व्हावे.