स्वयंभू कोण? एका पेंटरच्या एकोणीस चित्रांविषयी

जयंतीनंतरच्या रविवारी आमच्या नाशिकरोडच्या वस्तीतल्या विहारात एका पोरानं स्वतःची 19 चित्रं लावली. सुतळी बांधली, कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, झालं प्रदर्शन. उद्घाटनाला माइक माझ्या हातात आला आणि मी बोलून गेलो, 'आमचा हा पेंटर स्वयंभू आहे.' टाळ्या पडल्या. घरी आलो तर झोप लागेना. स्वयंभू म्हणजे काय रे बाबा? स्वयंभू असतो तो शेंदूर फासलेला दगड. कुणी घडवला नाही म्हणतात, म्हणून त्याच्यापुढं नारळ फोडायचा आणि तो ओबडधोबड आहे असं म्हणायचं नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस मी, आणि एका जित्या कलावंताचा मी दगड करून आलो.

त्याच दिवशी गावातल्या चित्रकलेच्या एका सरांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं की कसलंही शिक्षण नसताना एवढं काढलंय, कौतुक वाटतं. आम्ही कार्यकर्ते ते वाचून तापलो. पांढरपेशा खांदा थापटतोय म्हणालो. पेंटर मात्र गालात हसला. 'दादा, सर जे लिहून गेले तेच तुम्ही माइकवर बोलले. फक्त तुमचा आवाज मोठा व्हता.'

म्हणून हा लेख. मित्रांनो, कौतुक करायला बसलेलो नाही.

आधी शिक्षण नसण्याचं बघू. हा पोरगा बाराव्या वर्षी एका बोर्ड रंगवणाऱ्या चाचांच्या दुकानात ब्रश धुवायला लागला. चाचांनी त्याला खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारायला शिकवलं, म्हणजे भिंतीवर सरळ रेघ उमटते. फोटोवर चौकटी आखून तोच चेहरा दहा फुटी भिंतीवर कसा न्यायचा ते शिकवलं. 'क्ष' आणि 'ज्ञ' ची वळणं गिरवून घेतली, चुकलं की कान पिळला. शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा तो पास झाला. पुढं आर्टच्या कॉलेजात जायचं तर फी, कागद, रंग, बसभाडं, बाप हमाल. ते राहिलं. मग फ्लेक्स आलं. एका रात्रीत बोर्ड छापून मिळायला लागल्यावर हातानं रंगवणाऱ्याला कोण विचारतो? चाचांचं दुकान बंद पडलं. आता हा रिक्षांच्या मागं अक्षरं काढतो, शाळांच्या भिंती रंगवतो आणि एप्रिल आला की बाबासाहेब काढतो. एवढं सगळं शिकलेल्या माणसाला अशिक्षित कलावंत कसं म्हणायचं? त्याला शिकवणाऱ्यांची नावं कुठल्या सर्टिफिकेटावर नाहीत, एवढंच.

अण्णा भाऊ साठ्यांबद्दलही आपण हेच करतो. दीड दिवसाची शाळा हे आपण इतक्या वेळा सांगितलंय की त्या दीड दिवसापुढं त्यांची बाकीची वर्षं दिसेनाशी झालीत. वाटेगावचा पोरगा मुंबईत आला, सिनेमाची पोस्टरं आणि दुकानांच्या पाट्या वाचत अक्षराला लागला. वामनदादा कर्डक आमच्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. तेही मोठेपणी पाट्या वाचत वाचत अक्षर शिकले, आणि 1943 साली त्यांनी पहिलं गाणं रचलं. हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्या पाट्या रंगवल्या कुणी? चाचांसारख्याच कुणीतरी ब्रशवाल्यांनी. अण्णा भाऊंचे मास्तर शिडीवर उभे होते, आणि त्यांची नावं आपण कधी विचारली नाहीत.

आणि अक्षरानंतरचं शिक्षण? 1944 साली अण्णा भाऊंनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. समोर गिरणी कामगार. लावणी पडली तर ती पडली हे तिथल्या तिथं कळायचं. वामनदादांच्या मागं भीमराव कर्डकांपासूनची आंबेडकरी जलशांची वाट होती. आपल्या बाया-बापड्यांना गाण्यातलं कळतं. चाल ढिली पडली की त्या पोरांना घेऊन घराकडं निघतात, गाणाऱ्याला त्यातूनच समजतं. गाण्याला आपण दाद दिली, शिव्याही दिल्या, म्हणून गाणं पोलादासारखं झालं. चित्राला आपण काय दिलं? हार. भिंतीवर बाबासाहेब काढले की आपण हात जोडतो. हात जोडल्यावर कोण म्हणणार की मान चुकली आहे?

तर मी म्हणतो. मान चुकली आहे.

19 पैकी 8 चित्रं बाबासाहेबांची. पहिल्याच मोठ्या चित्रात चेहरा एका फोटोवरून आणि कोट दुसऱ्या फोटोवरून घेतलाय. चेहऱ्यावर उजेड उजवीकडून येतो, कोटावर डावीकडून. त्यामुळं कॉलरपाशी माणूस तुटतो, डोकं वरून आणून ठेवल्यासारखं दिसतं. वर केलेल्या हाताची बोटं आखूड आहेत, कारण ती पुतळ्यावरून घेतलीत आणि पुतळा आपण खालून बघतो. गाल गुलाबी, ओठ लाल, कॅलेंडरातल्या देवासारखे. हा गुलाबी रंग कुठून आला? ज्या कॅलेंडरांना आपण घराबाहेर काढलं त्यांचाच रंग मागच्या दारानं आत आला. सात चित्रांत हेच. आठव्यात मात्र बाबासाहेब टेबलाशी वाकून लिहितायत, चेहरा निम्मा सावलीत, आणि कंदिलाचा उजेड फक्त कागदावर. हा कुठला फोटो, म्हणून मी विचारलं. 'फोटो नाही दादा. माझा बाप असाच वाकून बिडी वळायचा, रात्री, हमालीवरून आल्यावर.' त्या वाकण्यात ओझं आहे. ते चित्र लोकांनी सगळ्यात कमी पाहिलं, कारण तिथं हात जोडायला चेहराच समोर नाही.

उरलेली 11 चित्रं त्यानं जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर काढलीत. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, पावसाळ्यात आपण जे पत्र्यावर टाकतो तेच. कॅनव्हास परवडत नाही हे कारण. पण त्यातून त्याच्या हाताला एक गोष्ट सापडली. फ्लेक्स रंग पीत नाही, रंग वरच राहतो. तेव्हा हा आधी सगळं काळं करतो आणि ओल्या काळ्यातून ब्लेडनं खरवडून उजेड काढतो. रात्री दोनच्या नळाचं चित्र असंच आहे. बायांच्या फक्त पाठी, पाच हंडे आणि खरवडलेली पाण्याची एक पांढरी धार. तोंड एकीचंही नाही. पण कुठली बाई भांडायच्या तयारीत आहे आणि कुठली उभ्या उभ्या झोपलीय हे पाठीवरून कळतं. चौकटी आखून हे येत नसतं. मी त्या चित्रापुढं बराच वेळ होतो, आणि मला चित्रातलं फार कळतं अशातला भाग नाही.

गटाराचं चित्र त्याच ताकदीचं, पण तिथं त्यानं माती केली. रस्त्यात मॅनहोल उघडं, आत गेलेल्या माणसाचा एक हात वर, हातात दोर, आणि दोराचं दुसरं टोक धरणारा चित्राबाहेर. 2013 साली माणसाला असं उतरवण्याविरुद्ध कायदा झाला, तरी माणसं उतरवली गेली आणि मेली. हे सगळं त्या एका हातात येतं. इथंच थांबायचं ना गड्या! यानं वर आभाळात निळं अशोकचक्र काढलं आणि कोपऱ्यात बाबासाहेब चिकटवले. कशाला? मॅनहोलमधला माणूस एकटा पुरेसा आंबेडकरी नाही का? आपण आंबेडकरी असल्याचा शिक्का चित्रावर मारला नाही तर विहारातली माणसं हे आपलं मानणार नाहीत, ही भीती मला त्या चक्रात दिसली. ती भीती त्याची एकट्याची नाही. माझ्या कवितांच्या शेवटच्या ओळी काढून बघा, तिथंही ती बसलेली सापडेल.

चित्रं उतरवताना पेंटरनं मला मोबाइलवर एका माणसाची चित्रं दाखवली. बिल ट्रेलर, अमेरिकेतल्या अलाबामाचा काळा माणूस. पँथर हे नाव आपण 1972 साली तिकडच्या काळ्यांकडूनच घेतलं, पण त्यांच्या चित्रांकडं आपण कधी पाहिलं नव्हतं. हा 1853 च्या आसपास गुलामीत जन्मला, आयुष्य शेतात गेलं आणि पंच्याऐंशीच्या घरात, 1939 च्या सुमारास, माँटगोमेरीच्या रस्त्यावर बसून टाकलेल्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढायला लागला. एका तरुण गोऱ्या चित्रकारानं ती जपली. न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियमनं काही चित्रं घ्यायची म्हटली, तर एकेका चित्राला डॉलर-दोन डॉलर देऊ केले. त्यानं ती परत मागवली. 1949 साली ट्रेलर मेला. 2020 साली त्याचं एक चित्र लिलावात 5 लाख 7 हजार डॉलरला गेलं, म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेतीन कोटींच्या वर. ते पैसे कुणाला मिळाले हे सांगायला नको, पुठ्ठ्यावाल्याला नाही. आपल्याकडंही फार वेगळं नाही. 'फकिरा' 1959 ला आली, 1961 ला सरकारी बक्षीस मिळालं, कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, आणि 1969 ला अण्णा भाऊ हलाखीत गेले. पोस्टाचं तिकीट 2002 साली निघालं, चार रुपयांचं.

माझ्या पेंटरला जगता यायला पाहिजे, ते मेल्यावरचं नको. तो मुंबईला एका गॅलरीत जाऊन आला. फॉर्मवर शिक्षण, गुरू, यापूर्वीची प्रदर्शनं, असे रकाने. त्यानं गुरूच्या रकान्यात चाचांचं नाव लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, हे कुठल्या कॉलेजात आहेत? फॉर्म घेतला, नंबर काही वर्षांनी लागेल म्हणाल्या. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 चं आणि जहांगीर आर्ट गॅलरी 1952 ची. तिथं वर्षानुवर्षं जे जमलंय ते एका फॉर्मनं हलणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

पण गॅलरीला शिव्या घालण्याआधी आपला हिशोब काढा. मी आमच्या जयंतीच्या समितीत दहा वर्षं आहे. डीजेला आगाऊ पैसे, मांडववाल्याला आगाऊ, फ्लेक्सवाल्यालाही रोख. पेंटरला? रंगाचे पैसे आणि पुरीभाजी. 'समाजाचं काम आहे' हे वाक्य त्याला मीच ऐकवलंय, दोनदा तरी. डीजेवाला समाजाचा नव्हता म्हणून त्याला पैसे मिळाले, हा आपुलकी असण्याचा दंड आपण आपल्याच माणसाकडून घेतला. आणि आपला पोरगा पुढं का जात नाही यावर परिसंवादही आपणच घेतो.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला वाचून दाखवला. मानेचं ऐकून त्यानं मान हलवली, बोटांचं त्याला आधीच कळलं होतं म्हणाला. चक्रापाशी मात्र थांबला. 'काढू म्हणता? काढलं तर लोक म्हणतील ह्यो आता आपला राहिला नाही, गॅलरीवाल्यांचा झाला.' म्हणतील, मी म्हणालो. 'तवा तुम्ही येताल का विहारात बोलायला?' येईन म्हणालो, पण हो म्हणायला मला वेळ लागला, आणि तो त्याच्या ध्यानात आला.

या अंकाचं मुखपृष्ठ त्याचंच आहे, नळावरच्या बाया. त्यानं 700 रुपये सांगितले. वर्गणी 500 जमली, ती दिली. बाकीच्या 200 साठी तो काल संध्याकाळी घरी येऊन गेला.