ग्रंथपाल आणि मुद्रित पाठ

ग्रंथपाल म्हणजे केवळ पोथ्यांचा राखणदार, ही समजूत आमच्या मतें सदोष आहे. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाचे ग्रंथपाल शामशास्त्री यांनीं, तंजावराकडील एका पंडितानें आणून दिलेली कौटिलीय अर्थशास्त्राची ग्रंथलिपींतील ताडपत्री पोथी कडीकुलुपांत न ठेवतां १९०९ सालीं छापून काढिली. ही आवृत्ति मुख्यत्वें एकाच पोथीवर आधारलेली असल्यामुळें तींत अपपाठ राहिले, हा आक्षेप यथार्थ आहे. तथापि त्रिवेंद्रमचे गणपतिशास्त्री व पुढें मुंबईचे प्रा. कंगले (१९६०) यांस अन्य पोथ्या ताडून पाहण्यास तोच मुद्रित पाठ उपयोगी पडला. निर्दोष आवृत्तीची वाट पाहत पोथ्या दडवून ठेवणाऱ्या संग्राहकांनीं हें ध्यानांत घ्यावें. अपपाठ सुधारतां येतात. कसरीनें खाल्लेलीं पानें परत मिळत नाहींत.