चांच्यांचें सोनें व चिखलीच्या मोहरा

पुरलेलें सोनें सांपडल्याची वार्ता हा आतां एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच मानावयास हरकत नाहीं. त्याचे संकेत ठरून गेले आहेत. मरणोन्मुख खलाशी, जीर्ण कागदावरचा नकाशा, कोणाला न उलगडलेली सांकेतिक लिपि आणि आणखी दोन हात खणलें कीं खात्रीनें लागणारा पेटारा, एवढी सामग्री जमली म्हणजे वार्ता तयार होते. रसिकांनीं तिच्याकडे करमणूक म्हणून पाहिलें तर आमची तक्रार नाहीं. परंतु ती इतिहास म्हणून पुढें केली जाते, तिच्यापायीं लोक गांठचा पैसा ओततात, आणि आमच्या महाराष्ट्रांत तर माणसांचे जीव गेल्याचे आरोपहि न्यायालयापुढें आलेले आहेत. तेव्हां या प्रकाराला टीकेची कसोटी लावणें अवश्य आहे.

पहिली गोष्ट ध्यानांत येते ती कालक्रमाची. चांच्याच्या पुरलेल्या ठेव्यावर एडगर ॲलन पो यानें 'द गोल्ड-बग' ही कथा १८४३ सालीं लिहिली; तींत सांकेतिक लिपि आहे आणि कॅप्टन किडचा ठेवाहि आहे. पुढें १८८३ त स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी पुस्तकरूपानें निघाली व फुलीची खूण असलेला नकाशा जगभरच्या मुलांच्या डोक्यांत कायमचा बसला. यानंतरच्या शोधकांचे 'पुरावे' पाहावेत, तर ते या दोन लेखकांच्या कल्पनेशीं इतके जुळतात कीं आम्हांस त्या जुळण्याचाच संशय येतो. खऱ्या दप्तरांतला कागद वाचकाची इतकी सोय पाहत नसतो. तो फाटका असतो, त्यांत धान्याचे दर असतात, कोणाची तरी तक्रार असते, आणि नेमकें आपणांस हवें तें त्यांत नसतें.

किडच्या बाबतींत एवढें खरें कीं त्यानें थोडें धन खरोखरच पुरलें होतें. त्यानें १६९८ च्या आरंभीं मलबार किनाऱ्याजवळ 'केदा मर्चंट' हें मालानें भरलेलें जहाज धरलें, आणि पुढल्याच वर्षीं न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर कांहीं सोनें-चांदी जमिनींत ठेवली. पण तो ठेवा अधिकाऱ्यांनीं लागलीच उकरून काढला आणि पुरावा म्हणून इंग्लंडास धाडला. १७०१ सालीं किड लंडनला फांशीं गेला. ज्याला भक्कम आधार आहे असा चांच्याचा ठेवा हा असा. आणि तो पुरल्यावर लवकरच सरकारजमा झाला! त्यावर तीन शतकें लोक खणीत राहिले.

आमच्या वाचकांस अधिक जवळची गोष्ट ऑलिव्हिए लव्हासर या फ्रेंच चांच्याची आहे, कारण तिचा धागा गोव्यापर्यंत येतो. गोव्याचा व्हाइसरॉय एरिसेराचा काउंट हा पोर्तुगालास परत चालला असतां त्याचें जहाज १७२१ सालीं रियुनियन बेटापाशीं लव्हासर व त्याचे साथीदार यांनीं लुटलें. लूट प्रचंड होती. लव्हासरला १७३० त रियुनियनवर फांशीं दिलें. येथवर इतिहास झाला; पुढची गोष्ट अशी कीं फांशींच्या चौथऱ्यावरून त्यानें एक सांकेतिक कागद गर्दींत फेंकला व ज्याला तो उलगडेल त्यानें ठेवा घ्यावा असें तो म्हणाला. हा कागद मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आला तो शार्ल द ला राँसिएर या फ्रेंच विद्वानाच्या १९३४ सालच्या पुस्तकांतून, म्हणजे प्रसंगानंतर दोनशें चार वर्षांनीं. त्यावर भिस्त ठेवून सेशेल्स बेटांत एका कुटुंबानें पिढ्यान्‌पिढ्या खणलें. राजवाड्यांच्या परंपरेंत वाढलेल्या मराठी वाचकास यांतील व्यंग समजावून सांगावयास नको. बखर किती रसाळ आहे हें त्यांनीं कधीं विचारलें नाहीं. अस्सल कागद कोठें आहे, तो कोणाच्या हातून आला, एवढेंच ते विचारीत. लव्हासरचा कागद या प्रश्नापुढें क्षणभरहि टिकत नाहीं.

आणखी एक उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. २०१५ च्या मे महिन्यांत मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटापाशीं किडच्या जहाजांतील पन्नास किलोंची चांदीची लगड मिळाली असा डंका वाजला. राजदूत व चित्रपटवाले किनाऱ्यावर होतेच. दोनच महिन्यांनीं युनेस्कोच्या तज्ज्ञांनीं ती लगड तपासली, तों तींत शेंकडा पंचाण्णव भाग शिसें निघालें आणि चांदी मुळींच निघाली नाहीं. जें जहाज म्हणून दाखविलें होतें तें बंदराच्या मोडक्या बांधकामाचे अवशेष ठरले. शिशाचा हा अहवाल किती जणांनीं वाचला असेल? वार्तेला पंख असतात, खुलाशाला पायहि नसतात.

आतां कोंकणकिनाऱ्याकडे वळूं. कान्होजी आंग्रे यांस इंग्रजांनीं चांचा म्हटलें. ज्याच्या हातीं छत्रपतींची सरखेली होती व जो आपल्या परवान्याशिवाय समुद्रांत फिरणाऱ्यास अडवीत होता, त्याला चांचा म्हणणें हा व्यापाऱ्याचा राग होता, तो इतिहासाचा निर्णय नव्हे. पण हा वाद बाजूस ठेवला तरी आंग्र्यांच्या पुरलेल्या खजिन्याच्या गोष्टींवर आमचा विश्वास बसत नाहीं. फेब्रुवारी १७५६ त वॉटसन व क्लाइव्ह यांनीं तुळाजीचा विजयदुर्ग घेतला तेव्हां सुमारें दहा लाख रुपयांची लूट मिळाली, आणि ती इंग्रजांनीं आधींच ठरविलेल्या वांट्यांप्रमाणें आपसांत वांटून घेतली. मोहिमेंतले भागीदार पेशवे, त्यांच्या हातीं त्यांतलें कांहीं लागलें नाहीं. लुटीचा स्वभावच हा आहे. जिचे वांटेकरी शेंकड्यांनीं आहेत ती लूट जमिनींत जात नाहीं, खिशांत जाते आणि बंदरावरच्या गुत्त्यांत संपते. जमिनींत पुरतो तो गृहस्थ: सावकार, सोनार, वतनदार, ज्याला पळून जावयाचें नसून परत यावयाचें असतें.

म्हणूनच खरें पुरलेलें सोनें समुद्रकांठीं न सांपडतां देशावर, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या सावलींत सांपडलें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. चिखली येथें इमारतीच्या पायाचें खोदकाम चाललें असतां मजुरांना मोहरा लागल्या. त्यांनीं त्या लपविल्या, पण कुणकुण पोलिसांस लागली, आणि जुलै २०२१ त पिंपरीच्या विठ्ठलनगरांतील एका घरांतून २१६ सोन्याचीं नाणीं व कांशाच्या भांड्याचा अवशेष त्यांनीं हस्तगत केला. एकूण वजन २,३५७ ग्रॅम भरलें. नाण्यांवर मुहम्मदशहा बादशहाचें नांव असल्याचें व तीं १७२० ते १७५० या काळांतील असल्याचें सांगण्यांत आलें.

या वार्तेंत नकाशा नाहीं, खलाशी नाहीं, शाप नाहीं. आहे तें मोजमाप, आणि तें कसोटीस उतरतें. २,३५७ ला २१६ नीं भागावें, म्हणजे एका नाण्याचें वजन सुमारें १०.९ ग्रॅम येतें. मोगली मोहरेचें वजन हेंच असतें. वार्ता रचणाऱ्याच्या हातून असा हिशेब सहसा जुळत नाहीं. मराठी मुलुखांत मोगली नाणें कसें, अशी शंका कोणी घेईल, तर तीहि निराधार आहे. अठराव्या शतकांत बादशहाच्या नांवाचें नाणें सर्व हिंदुस्थानांत चाले, आणि मराठ्यांच्या टांकसाळींतूनहि तें पडत असे. काळाचा आंकडा मात्र आम्हांस ढिला वाटतो. मुहम्मदशहा १७१९ त गादीवर आला व १७४८ त वारला. त्याच्या नांवाचें नाणें १७५० पर्यंत ताणण्याचें कारण नाहीं. शिवाय मोगली नाण्यावर हिजरी सन, राज्यारोहणाचें वर्ष व टांकसाळीचें नांव हीं बहुधा कोरलेलीं असतात. ज्या मोहरेवर वर्ष वाचतां येतें तिच्याविषयीं 'तीस वर्षांतली केव्हांतरी' असें म्हणणें म्हणजे पत्रावर तारीख असतां ती न वाचणें होय.

आणि खरा प्रश्न तेथेंच आहे. त्या मोहरा सुरतेच्या कीं दिल्लीच्या कीं औरंगाबादेच्या? शेवटचें नाणें कोणत्या वर्षाचें? तें कळलें तर भांडें केव्हां पुरलें याची एक बाजू बांधली जाते. निजामानें १७६३ त पुणें लुटलें, तेव्हांच्या धांदलीशीं त्याचा संबंध असेल काय, असा तर्क मनांत येतो. परंतु तो तर्कच राहील, कारण भांडें किती खोल होतें, त्याभोंवतीं राख होती कीं घराचा पाया होता कीं नुसतें शेत होतें, हें पाहणारा मनुष्य तेथें नव्हता. मथळे निघाले ते किंमतीवर. सोनें वितळविलें तरी त्याची किंमत राहते. मातीच्या थरांतली जागा एकदां हलली म्हणजे ती पुनः मिळत नाहीं. चाकणच्या संग्रामदुर्गापासून चिंचवडच्या मोरया गोसाव्यांच्या समाधीपर्यंतचा हा टापू जुना आहे, आणि त्यावर यंत्रें जितक्या वेगानें खोदीत आहेत तितक्या वेगानें पाहणारे मात्र वाढलेले नाहींत.

या वार्तांचें दुसरें टोंक भयंकर आहे. परभणी जिल्ह्यांतील मानवत येथें १९७२ ते १९७४ या काळांत मुलींच्या व बायकांच्या हत्या झाल्या, त्यांच्या खटल्यांत गुप्तधनाच्या लोभानें बळी दिल्याचा आरोप होता. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा करतांना महाराष्ट्रास गुप्तधनाच्या नांवाखालीं चालणाऱ्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. मांत्रिकाचा ठेवा व चांच्याचा पेटारा यांत आम्हांस पोषाखापलीकडे फरक दिसत नाहीं. दोघेहि ठिकाण सांगतात, दोघेहि खर्च आधीं मागतात, आणि सोनें न निघाल्यास दोष खणणाराच्या माथीं मारतात.

चिखलीच्या मजुरांना मात्र कोणी मांत्रिक भेटला नव्हता, आणि खेदाची गोष्ट ही कीं कोणी कायदा जाणणाराहि भेटला नाहीं. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. चौकशीअंतीं ठेवा बेवारशी ठरला व जमीनमालकाशीं निराळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सांपडविणाराचा व एक चतुर्थांश मालकाचा, असा त्यांत वांटा आहे. सरकारास तो ठेवा स्वतःकडे ठेवावयाचा असेल, तर धातूच्या किंमतीवर आणखी एक पंचमांश द्यावा लागतो. न कळविणारा आपला हिस्सा गमावतो व शिक्षेसहि पात्र होतो. हीं कलमें इंग्रजी अंमलापासून पुस्तकांत आहेत. बांधकामाच्या फाटकावर शिरस्त्राण घालण्याची सूचना मराठींत व हिंदींत लावलेली असते. तिच्याखालीं या चार ओळी लिहावयास फार रंग लागला नसता.