जुन्या चासीवर नवी बॉडी

नाटकाच्या जाहिरातीत 'नव्या संचात, नव्या नेपथ्यासह' असे शब्द दिसले की जाणता प्रेक्षक सावध होतो. नवा संच म्हणजे मूळचे नट आता येत नाहीत आणि नवं नेपथ्य म्हणजे पडदा एकदा धुतला, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. हा अनुभव गाठीशी असूनही गेल्या वर्षी मे महिन्यात 'संपूर्ण नवे अंतरंग' अशी जाहिरात केलेल्या एका विमानाची दोन तिकिटं मी काढली आणि माझ्या बहात्तर वर्षांच्या आईला त्यात बसवून मुंबईहून लंडनला नेलं. त्या प्रयोगाचं हे परीक्षण. कंपनीचं नाव सांगत नाही. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढल्यावर खातेदाराचं नाव बाहेर न बोलण्याची जिभेला सवय होते. शिवाय जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने बऱ्याच कंपन्यांना लागू पडेल.

लंडनला जायचं कारण धाकट्या बहिणीचं बाळंतपण. ती हॅरोला राहते. तिचं पहिलं बाळंतपण 2020 साली झालं. विमानंच बंद होती. पहिल्या नातवाचं बारसं आईने मोबाइलवर पाहिलं आणि पाळणा म्हणताना तिकडचा आवाजच बंद झाला. त्यामुळे या खेपेला "मी पोहत जाईन, पण जाईन" असं तिने जाहीर केलं होतं. आमच्या हिची लेकीच्या दहावीमुळे सुटका झाली आणि सोबतीला मी गेलो. बँकेच्या एलटीसीत लंडन बसत नाही, म्हणजे खर्च पदरचा.

तिकीट काढताना कॉम्प्युटरने शेवटी एक प्रश्न विचारला : पाय पसरायला जास्त जागा असलेली सीट हवी का? प्रत्येकी साडेसात हजार रुपये. मी पाच रुपयांचा फरक लागेना म्हणून रात्री नऊपर्यंत शाखेत बसणारा माणूस. 'नको' हे बटण मी ज्या वेगाने दाबलं, त्या वेगाने मी आयुष्यात चेक पास केलेला नाही. आईला यातलं काही सांगितलं नाही. तिच्या गुडघ्यांना तर त्याहून नाही.

शेजारच्या काउंटरवरचा आमचा सहकारी विमानांचा शौकीन आहे. त्याने विमानाच्या नंबरावरून मोबाइलमध्ये त्याची कुंडली काढली. जातीचं बोइंग ट्रिपल सेव्हन, वय वर्षं चोवीस. अंतरंग नुकतंच बदललेलं. मी म्हटलं, "चोवीस? आपल्याकडे एवढ्या वर्षांत फर्निचर तीनदा निर्लेखित होतं." बी.कॉम.ला आम्हाला घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवल्या होत्या. एकीत वस्तूची किंमत दरवर्षी सारखी कमी होत शेवटी शून्यावर येते. दुसरीत उरलेल्या किमतीवर टक्केवारी लावतात. तिच्यात किंमत कितीही वर्षं गेली तरी शून्य म्हणून होत नाही, काहीतरी उरतंच. ही दुसरी पद्धत शोधणारा माणूस विमानाने हिंडणारा असावा.

न्यायाने बोलायचं तर वयाला घाबरण्यात अर्थ नाही, हे मी नंतर वाचून खात्री करून घेतली. विमान वर गेलं की आतल्या हवेच्या दाबाने त्याचं अंग फुगतं, खाली आलं की बसतं. त्या पत्र्याला थकवा येतो तो या फुगण्या-बसण्याने. मुंबई-गोवा करणारं विमान दिवसातून सहा-सात वेळा फुगतं. लंडनला जाणारं जेमतेम दोनदा. त्यामुळे लांब पल्ल्याची विमानं कॅलेंडरवर म्हातारी आणि अंगाने तशी धडधाकट असतात. शिवाय काही वर्षांनी त्यांना हाडापर्यंत सोलून, जोड न् जोड तपासून पुन्हा बांधतात. आमच्या शाखेची इमारत अशी सोलायची ठरवली तर पुन्हा बांधायला काही शिल्लक राहणार नाही. तेव्हा माझी तक्रार पंखांबद्दल नाही. इंजिनाबद्दल नाही. ती बरीच खालची आहे, गुडघ्याच्या पातळीवरची.

आपल्या एसटीत हा प्रकार जुना आहे. दापोडीच्या कार्यशाळेत जुन्या चासीवर नवी बॉडी चढवतात आणि कोऱ्या रंगाची गाडी बाहेर पडते. प्रवाशाला ती नवी वाटते. ड्रायव्हर मात्र पहिला गिअर टाकतानाच तिला ओळखतो.

विमानात पाऊल ठेवलं तेव्हा पहाटेचे पावणेदोन वाजले होते आणि आत जांभळा-गुलाबी उजेड पसरला होता. असे दिवे म्हणे प्रवाशाच्या मनाला शांती देतात. आई दारातच थबकून म्हणाली, "अगंबाई! गणपती बसवलाय का?" सीटचं कापड नवं, पाठीवरचे पडदे नवे, मोबाइल लावायची भोकं नवी. आई खूश झाली. मीही झालो. साडेसात गुणिले दोन, पंधरा हजार वाचवल्याचं समाधान मला त्या गुलाबी उजेडात शोभूनही दिसत असावं.

मग आम्ही बसलो.

मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस येतो, "जरा सरका" म्हणतो आणि अर्धं अंग वाटेत टाकून बसतो. याला फोर्थ सीट म्हणतात. ती देणं हा सौजन्याचा भाग आहे आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. ट्रिपल सेव्हनने 1994 साली पहिलं उड्डाण केलं आणि 1995 पासून ते प्रवासी नेऊ लागलं. सुरुवातीला बहुतेक कंपन्यांनी त्यात आमच्या वर्गाच्या एका रांगेत नऊ खुर्च्या बसवल्या होत्या. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की 'जरा सरका' म्हटलं तर दहावी बसते. आता नूतनीकरण म्हणजे बहुधा तीन-चार-तीन. मी रुमालाच्या मागे हिशेब केला. केबिनची आतली रुंदी 231 इंच. दोन वाटांचे साधारण 35 वजा जाता उरले 196. नवांत वाटले तर माणशी पावणेबावीस इंच, दहांत वाटले तर साडेएकोणीस. त्यात हातांची दांडीही आली. म्हणजे प्रत्येक प्रवाशाने दोन-सव्वादोन इंच वर्गणी काढून दहाव्या माणसाची सोय केली आहे, आणि त्याच्या तिकिटाचे पैसे मात्र कंपनीने घेतले आहेत! सहकारी पतपेढीत कुणी हे केलं असतं तर चौकशी लागली असती.

आमच्या तिघांत वाटेकडेला साउथॉलचे एक धिप्पाड पंजाबी गृहस्थ होते. फार सज्जन माणूस. पण त्यांची वर्गणी गोळा करणं शक्यच नव्हतं, त्यामुळे ती माझ्या खात्यातून वळती झाली.

आईला मी हौसेने खिडकीची सीट दिली होती. तिथे खिडकी नव्हती. खिडक्या विमानाच्या सांगाड्यात जिथे कापल्या तिथेच राहणार. खुर्च्या मात्र खालच्या रुळांवर पुढेमागे सरकवता येतात. रांगा जवळ आल्या की कुणाच्या तरी वाट्याला दोन खिडक्यांमधली भिंत येते. बी.कॉम.ला आम्हाला ताळेबंदाचं विंडो ड्रेसिंग शिकवलं होतं. इथे ड्रेसिंग व्यवस्थित होतं, विंडो तेवढी नव्हती. एअर इंडियाचं पहिलं जंबो, 'एम्परर अशोक', 1971 साली आलं, तेव्हा आई कुणाला तरी पोचवायला सांताक्रूझला गेली होती. त्या विमानांच्या खिडक्यांभोवती बाहेरून राजवाड्यासारखे झरोके रंगवलेले असत. विमान म्हणजे ते, असं तिच्या डोक्यात पन्नास वर्षं बसलेलं. भिंतीवर हात फिरवून ती म्हणाली, "तेव्हा बाहेरून झरोके काढायचे. आता आतली खिडकीच काढली."

लांबीचं गणित रुंदीपेक्षा लबाड आहे. 'एकतीस इंच' हे ऐकायला बरं वाटतं, पण ती पायांसाठीची जागा नव्हे. एका खुर्चीच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या खुर्चीच्या त्याच बिंदूपर्यंतचं ते अंतर. खुर्चीची स्वतःची जाडी त्यातच. कर्जाचा व्याजदर ठळक आणि प्रोसेसिंग फी बारीक अक्षरात, त्यातला प्रकार. म्हणून नव्या खुर्च्या पातळ करतात. पाठ पातळ झाल्याने गुडघ्याला एखादा इंच मिळतो, आणि तो बसायच्या गादीतून वसूल होतो. तिसऱ्या तासाला मला माझ्या हाडांची रचना समजली. त्यातच आईच्या पुढच्या खुर्चीखाली एक पत्र्याची पेटी होती. नव्या पडद्यांना आणि मोबाइलच्या भोकांना वीज पुरवणारी सामग्री कुठेतरी ठेवायला हवीच. ती तिच्या डाव्या पायाच्या जागेवर ठेवली होती. डावा गुडघाच तिचा दुखरा.

ती काही बोलली नाही. मी विचारलं, "आई, पाय आखडला का?" ती म्हणाली, "छे! छान आहे." आणि थोड्या वेळाने तिने पाय उचलून त्या पेटीवर ठेवला, मग खाली, मग तिरका. माझ्या डोक्यात तेव्हापासून साडेसात हजारांचा आकडा मीटरसारखा फिरायला लागला. नऊ तास. तासाला सुमारे आठशे तेहतीस रुपये. मिनिटाला चौदा.

आता जी गोष्ट कुठल्याच नूतनीकरणात बदलत नाही ती सांगतो. विमानातल्या हवेचा दाब जमिनीवरचा नसतो. या पिढीच्या ॲल्युमिनियमच्या विमानांत तो आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितपत खाली येऊ शकतो. कळसूबाईचं शिखर आहे 1646 मीटर, म्हणजे चौपन्नशे फूट. ज्या आईला पर्वती चढताना दोनदा बसावं लागतं, तिला मी कळसूबाईच्या डोक्यावर आणखी अडीच हजार फूट चढवून रात्रभर ठेवलं होतं! कार्बन फायबरची जी नवी विमानं आली, त्यांत हा आकडा सहा हजारांवर आणलाय आणि हवाही थोडी दमट ठेवता येते, कारण त्या अंगाला गंज चढत नाही. जुन्याला कापड नवं घालता येतं, दिवे घालता येतात. दम नवा घालता येत नाही. हवा इतकी कोरडी की ओठांना पापुद्रे येतात, आणि कोरड्या, विरळ हवेत जिभेला मीठ-साखरही नीट कळत नाही. आईने पनीरचा एक घास घेऊन "हा स्वयंपाकी घरी भांडून आलाय" असा निकाल दिला आणि पिशवीतून सोलापुरी शेंगदाण्याची चटणी काढली. "लो बेटा," म्हणत पहिला चमचा पंजाबी गृहस्थांना. "वाह माताजी!" मागच्या रांगेतून एक हात आला, मग दुसरा. त्या प्रयोगातला टाळी घेणारा प्रसंग हा एवढाच, आणि तो संहितेत नव्हता.

संडासाच्या दारावर आईने ॲशट्रे पाहिला. "इथे विड्या ओढू देतात?" देत नाहीत, पण ॲशट्रे ठेवावाच लागतो. कुणी नियम मोडून ओढलीच तर थोटूक कागदाच्या टोपलीत जाऊ नये म्हणून. 1973 साली पॅरिसजवळ एका विमानाच्या संडासात आग लागून 123 माणसं गेली होती. माणूस नियम मोडणार हे धरून केलेला हा नियम मला फार शहाणा वाटला.

कंपनीची बाजूही मांडायला हवी. नवं विमान मागितलं की मिळत नाही. याच ट्रिपल सेव्हनचा नवा अवतार 2020 साली मिळणार होता. 2025 सरलं तरी एकाही कंपनीच्या हाती पडला नव्हता. घर ताब्यात मिळेना म्हणून जुन्या खोलीला रंग काढणारा माणूस मी रोज काउंटरवर पाहतो. त्याच्याबद्दल मला राग नाही. पण रंग काढताना तो खोलीत एक भाडेकरू वाढवत नाही.

हीथ्रोला उतरताना आईच्या चपला पायात जाईनात. पाय सुजून घागरी झाले होते. पंजाबी गृहस्थांनी वाकून पट्टे सैल करून पाहिले, उपयोग झाला नाही. शेवटी चपला माझ्या हातात आणि आई मोज्यांवर, व्हीलचेअरमध्ये. रांगेत उभं असताना मी तिला साडेसात हजारांची गोष्ट सांगून टाकली. ती म्हणाली, "बरं केलंस. तेवढ्यात बाळाच्या वाळ्या होतील." आणि हॅरोला पोचताच त्याच पायांनी थेट बाळाकडे गेली.

मी तीन आठवड्यांनी परतलो. ती ऑक्टोबरपर्यंत राहिली. तिच्या परतीच्या वेळी मी इथूनच तिच्या तिकिटावर जास्त जागेची सीट घेतली, पैसे भरले, आणि पावती छापून देवघरात ठेवावी असं मला वाटलं. विमानतळावर ती हसत बाहेर आली. चपला पायात.

"सीट कशी होती?"

"फार छान! पुढे भिंत, भिंतीला पाळणा अडकवायची सोय. एक पोरगी जुळी घेऊन एकटीच निघाली होती. एक पाळण्यात, एक माझ्या मांडीवर. रात्रभर."

"आणि पाय?"

"पायांकडे बघायला वेळ कुणाला होता? कितीला पडली रे ती सीट?"

"फुकट मिळाली," मी म्हणालो.

"खोटं बोलू नकोस. त्या पोरीने सांगितलं. साडेसात हजार! तिला म्हटलं, आमचा बँकेत आहे, तो असे पैसे टाकणार नाही."