'परम'ची अर्धीच गोष्ट

संगणकावरच्या मराठी लेखनात 'परम'ची गोष्ट हटकून येते. अमेरिकेने प्रगत क्रे महासंगणक नाकारला, १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. गोष्ट खरी आहे. पण ती इथेच थांबते, हा तिचा दोष.

या यंत्रातले ट्रान्सप्युटर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते, हे बहुधा सांगितले जात नाही. सांगितल्याने कमीपणा येत नाही. उलट खरी करामत कळते. अनेक प्रक्रियक एकमेकांना जोडायचे आणि एकच गणित त्यांच्यात वाटून द्यायचे, ही ती करामत. संगणक-रचनेच्या संशोधनाचा हा गाभ्याचा प्रश्न आहे.

चिंचवडच्या एखाद्या कारखान्याची कल्पना करू. एका लेथवर ९५ तासांचे काम आहे. नंतर सगळ्या मालाची तपासणी एकच माणूस ५ तासांत करतो. ६४ लेथ लावले तर ९५ तासांचे दीड तास होतील, पण तपासणीचे ५ तास तसेच राहतील. वेग ६४ पट नव्हे, सुमारे १५ पटच वाढेल. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये संगणकाबाबत हीच मर्यादा दाखवली. तो ५ तासांचा भाग कमी कसा करायचा, यात संशोधकांची हयात जाते.

जिद्दीची गोष्ट ऐकून मुलांना अभिमान वाटतो. प्रश्न समजला, तर एखादा त्याच्यामागे लागेलही. शिक्षकांनी हे गणित एकदा फळ्यावर मांडावे.